तीन सेकंदांची मालकी

पी.टी.चा तास वेळापत्रकात कुठे बसवलाय, यावरून शाळेच्या मनातलं कळतं. आमच्या घोटीच्या शाळेत तो कायम शेवटचा. गणिताचा भाग मागे राहिला की गणिताचे सर तो मागून घेत. मागून घेत म्हणजे खडू घेऊन वर्गात येऊन उभे राहत. त्यांच्या तावडीतून सुटलेला तास पाऊस नेई. कसारा घाट चढून आलेला ढग इगतपुरीवर बसला की पाय थेट घोटीपर्यंत पसरतो. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, आणि त्यातला आमच्या वाट्याला येणारा शाळेच्या मैदानाचं खाचर करायला पुरून उरायचा. रोपं लावायचीच काय ती बाकी.

त्यामुळे व्हॉलीबॉल आम्ही आधी वहीत शिकलो. पट्टीने आखलेलं मैदान, १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. पुरुषांची जाळी २.४३ मीटरवर, महिलांची २.२४ वर. चेंडूचा परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर, वजन २६० ते २८० ग्रॅम. हे सगळं तोंडपाठ होतं. खुद्द चेंडू तेवढा हवा काढून ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवलेला होता आणि त्याची किल्ली शिपाईमामांकडे. वहीतल्या व्हॉलीबॉलमध्ये मात्र आमच्या वर्गाला अख्ख्या तालुक्यात तोड नव्हती.

दिवाळीची सुट्टी संपली, भात झोडून झाला, मैदानावर धूळ दिसायला लागली आणि एके दिवशी चेंडूत हवा भरून पी.टी.चे सर बाहेर आले. तिथून पुढे जे झालं त्याला खेळ म्हणणं सरांवर अन्याय करण्यासारखं आहे.

व्हॉलीबॉलची मुख्य अट अशी की चेंडू धरायचा नाही. वाचायला काय, कुणालाही जमेल. पण वरून येणारी वस्तू धरायची नाही, हे हातांना पटतच नाही. झाडावरून पाडलेली कैरी खाली पडायच्या आत झेलावी, विटी झेलावी, माळ्यावरून बापाने टाकलेलं पोतं झेलावं, यातच ते हात वाढलेले. त्यांना एकदम सांगायचं की बाबांनो, धरू नका, नुसतं उडवा. मनगटं जोडून, कोपरं ताठ करून आम्ही उभे राहायचो आणि त्यावर पडलेला चेंडू त्याला वाटेल तिकडे जायचा. मागे जायचा, डोक्यावरून जायचा, शेजारच्याच्या नाकावर जायचा. मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे उठायचे आणि घरी गेल्यावर कुणाचा मार खाल्ला म्हणून चौकशी व्हायची. सर्व्हिस बहुतेकांची जाळीखालून. खरा व्यायाम व्हायचा तो कंपाउंडपलीकडे गेलेला चेंडू आणणाऱ्याचा, आणि आणायला नेहमी एकच उत्साही मुलगा पळायचा. बाकीचे सगळे कमरेवर हात ठेवून तो परत यायची वाट बघत.

सर अमरावतीला शिकून आलेले. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली अनंत आणि अंबादासपंत या वैद्य बंधूंनी उभं केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डी, मल्लखांब करून दाखवला. अशा ठिकाणी घडलेल्या माणसाला घोटीत येऊन आमची मनगटं बघावी लागत होती. तरी त्यांनी बरेच दिवस कळ काढली. मग एकदा शिट्टी तोंडातून काढून म्हणाले, "धरा रे. पण तीनच सेकंद."

असा आमच्याकडे थ्रोबॉल आला.

नियम थोडके. समोरून आलेला चेंडू दोन्ही हातांनी झेलायचा, अंगाला लावायचा नाही. झेलला त्यानेच तो फेकायचा. एका हाताने, खांद्याच्या वरून, तीन सेकंदांच्या आत, जाळीपलीकडे. आपल्यातल्या आपल्यात पास द्यायचा नाही. एका बाजूला सात खेळाडू. झेलताना सुटला, जाळीत अडकला, रेषेबाहेर पडला की समोरच्यांना गुण. वहीचं एक पानसुद्धा भरलं नाही.

पोरांनी लगेच तक्रार मांडली, "सर, हा तर पोरींचा खेळ." तक्रार अगदीच बिनबुडाची नव्हती. १९२० साली हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं आणि देशभरच्या पी.टी. मास्तरांचं ते एक जुनं माहेर झालं. त्याच मद्रासच्या वायएमसीएने पुढे चाळीसच्या दशकात हा खेळ आपल्याकडे रुजवला असं मानतात, आणि तो बराच काळ बायकांचाच राहिला. त्याच्याही आधी, १८९५ साली, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या न्यूकम कॉलेजात क्लारा बेअर या व्यायामशिक्षिकेने आपल्या विद्यार्थिनींसाठी चेंडू झेलून पलीकडे फेकायचा खेळ बसवला होता. कॉलेजाच्या नावावरून त्याला न्यूकम म्हणतात. तिकडच्या शाळांत व्हॉलीबॉलच्या आधी पोरांना आजही तो शिकवतात.

पण गंमत पुढेच आहे. त्याच १८९५ साली, त्याच अमेरिकेत, होलिओक नावाच्या गावी विल्यम मॉर्गन नावाच्या वायएमसीएच्याच माणसाने व्हॉलीबॉल शोधला. कुणासाठी? दिवसभर पेढीवर बसून संध्याकाळी व्यायामाला येणाऱ्या, पोट सुटलेल्या व्यापारी मंडळींसाठी. चार वर्षांपूर्वी जवळच्याच स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथने काढलेला बास्केटबॉल त्यांना झेपेना. पळापळ फार, धक्काबुक्की फार. म्हणून मॉर्गनसाहेबांनी मधे जाळी टांगली, म्हणजे कुणाला कुणाचा धक्काच लागायला नको. जाळी साडेसहा फुटांवर, आणि खेळाडू कितीही. नाव ठेवलं मिंटोनेट. ते वर्षभरात बदललं, ते बरं झालं. ज्या खेळासमोर आमचे हात लाल झाले तो मुळात दुकानदारांना दम लागू नये म्हणून काढलेला होता, हे आमच्या घोटीच्या बाजारपेठेत जाऊन कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. तांदळाच्या पेढीवरच्या शेठजींनी एवढंही काही मनावर घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हा पोरींचा खेळ आणि पोरांचा खेळ हा वाद माझ्यापुरता मिटला. दोन्ही खेळ ज्यांना दुसरं काही जमत नव्हतं त्यांचेच.

खेळाडू किती, हा प्रश्न सरांनी आपल्या पद्धतीने सोडवला. नियमात सात असतील, वर्गात पासष्ट होते. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. हे ऐकून कुणी हसेल, पण १९१३ साली मनिलाला झालेल्या फार ईस्टर्न स्पर्धेत व्हॉलीबॉल एका बाजूला सोळा जण घेऊनच खेळले होते. आशियात माणसं मुबलक. पुढे ते बारावर आले, मग नऊवर. आमचे सर तिशीपासून सुरुवात करत होते, एवढाच फरक.

जाळीची कथा वेगळी. शाळेची जाळी होती, पण मधोमध इतकी फाटलेली की चेंडू वरून गेला का आतून, यावर भांडण व्हायचं. मग सरांनी ती उतरवली, गुलमोहर आणि विजेचा जुना खांब यांच्यामध्ये नायलॉनची दोरी ताणली आणि तिच्यावर बारदान टाकलं. घोटीत भाताच्या गिरण्या, त्यामुळे रिकाम्या गोण्यांना तोटा नाही. गिरणीवाल्याच्या मुलाने आणलेल्या त्या गोण्या सुतळीने शेजारी शेजारी शिवल्या की झाली जाळी. रेषांना फक्की नव्हती. ती स्पर्धेच्या दिवसासाठी राखून ठेवलेली असायची. रोजच्या खेळाला गिरणीतली तुसाची राख. अर्ध्या तासात ती राख रेषेवरून उठून आमच्या पायांवर यायची आणि मैदान नेमकं कुठे संपतं हे आवाज कुणाचा मोठा यावर ठरायचं.

जाळीतून आरपार दिसतं, गोणीतून दिसत नाही. एवढ्याशा फरकाने खेळच बदलला. पलीकडे कुणाच्या हातात चेंडू आहे, तो कुठे बघतोय, काही कळायचं नाही. बारदानाच्या वर एकदम चेंडू उगवायचा, आणि तोही वाऱ्यावर थोडा सरकत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गोण्या जमिनीपर्यंत पोचत नाहीत. खाली दीड-दोन फूट मोकळं आहे. तिथून पाय दिसतात. त्यानंतर आमच्या बाजूचा निम्मा वर्ग वाकून पाय वाचायला लागला. बहुतेक अनवाणी, काही स्लीपर, एक पांढरे कॅनव्हासचे बूट. चेंडू ज्याच्याकडे असेल त्याची उजवी टाच आधी उचलली जाते आणि डावा अंगठा मातीत रुततो. तो अंगठा ज्या बाजूला वळलेला असेल, चेंडू तिकडेच येणार. हे शास्त्र आम्ही आठवडाभरात पक्कं केलं. मग पलीकडच्यांनाही ते कळलं आणि चेंडू नसलेली पोरंसुद्धा मुद्दाम टाचा उचलायला लागली.

पण या खेळातली खरी मौज तीन सेकंदांची. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू कुणाचाच नसतो. तो आला, लागला, गेला. लागला तोवर कुणाचा स्वभाव कळायला वेळच नसतो. थ्रोबॉलमध्ये तीन सेकंद तो तुमचा असतो, आणि माणसाच्या हाती काही आलं की तो कसा वागतो, हे उघड्यावर येतं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं ज्याला वाटतं त्याने चेंडू हातात घेऊन पासष्ट पोरांसमोर उभं राहून पाहावं.

गिरणीवाल्याचा मुलगा चेंडू झेलला की आधी तो दाबून बघायचा. हवा आहे ना? मग फिरवून शिवण बघायचा. घरी सॅम्पल बघायची सवय. हे होईतो सरांचं "दोन" होऊन जायचं. एक हुशार मुलगा, कायम पहिला नंबर, झेलल्याबरोबर समोरची मोकळी जागा शोधायचा. बारदानापलीकडचं दिसत नसतानाही शोधायचा. एक मुलगी चेंडू हातात येताच घाबरून दिसेल त्याला विचारायची, "कुठं टाकू?" तिला उत्तरं एवढी मिळायची की तीन सेकंद ऐकण्यातच जायचे. भंडारदऱ्याच्या रस्त्यावरच्या एका गावातून येणारा मुलगा झेलायचा तोच मुळी रस्त्याकडे बघत, कारण त्याची एस.टी. केव्हाही यायची, त्याने कधी एका सेकंदापेक्षा जास्त घेतला नाही आणि त्याचा चेंडू कधी आतही पडला नाही. आणि एक असा होता की चेंडू आला की छातीशी धरून हसत उभा राहायचा. त्याला फेकायचाच नसायचा. आठवडाभर चेंडूच्या वाटेला न आलेला तो मुलगा, आला तर सोडतो कशाला? चेंडू अंगाला लागला म्हणून फाऊल, वेळ गेला म्हणून फाऊल. त्याला दोन्ही कबूल.

मोजायचं काम सरांचं. ते मोठ्याने मोजायचे, आणि त्यांचा सेकंद सगळ्यांना सारखा नसायचा. दांडगटांना आखूड, भित्र्यांना लांब. चेंडू छातीशी धरणाऱ्या त्या मुलाला त्यांनी एकदा "दोन" आणि "तीन" यांच्यामध्ये इतका वेळ दिला की त्याला शेवटी स्वतःलाच लाज वाटली आणि त्याने चेंडू फेकला. चांगला लांब गेला. हा पक्षपात नियमाच्या कोणत्याही पुस्तकात बसत नाही आणि त्यावर कुणी हरकतही घेतली नाही. घेणार कोण? आम्हाला तोवर नियमांपेक्षा सरांचे सेकंद जास्त कळायला लागले होते.

महिन्याभरात एक गोष्ट घडली. चेंडू धरायची सवय झाल्यावर कुठे उभं राहायचं ते कळायला लागलं. पूर्वी चेंडू आला की सगळे त्याच्याकडे धावायचे किंवा सगळे त्याच्यापासून पळायचे. आता आपला म्हणून एक तुकडा सांभाळायला लागले. चेंडू कुठे पडणार ते आधी दिसायला लागलं. सरांच्या मनात नेमकं हेच होतं. एक दिवस त्यांनी काही न सांगता मोजणी तीनवरून दोनवर आणली. मग एकवर. मग म्हणाले, आता हातात आलेला चेंडू धरू नका, आल्या पावली परत पाठवा. आणि काही जणांच्या हातून तो खरंच गेला. वर, सरळ, दुसऱ्याच्या डोक्यावर. व्हॉलीबॉल झाला की हा! सगळ्यांचा नाही झाला. ज्यांचा झाला ते पुढे शाळेच्या संघात गेले, नाहीतर गावातल्या मोठ्या पोरांत शूटिंग बॉल खेळायला उभे राहू लागले. बाकीचे आम्ही तीन सेकंदांतच सुखी होतो.

सुखी होतो ते तालुक्याच्या स्पर्धेपर्यंत. शाळेचा मुलींचा थ्रोबॉल संघ तिथे गेला. तिथे खरी जाळी, खरी फक्की, आणि समोर वर्षभर हाच खेळ घोटलेल्या मुली. त्यांचा चेंडू वरून उगवून येतच नव्हता. जाळीला घासून, सपाट, थेट पोटात. दोन सेकंद एका कोपऱ्याकडे बघत उभ्या राहायच्या आणि तिसऱ्याला दुसऱ्या कोपऱ्यात टाकायच्या. उडी मारून टाकायच्या. आम्हाला स्वभाव उघडे पाडणारे जे तीन सेकंद वाटत होते ते त्यांनी थापा मारायला वापरले होते. आमच्या मुली परत आल्या त्या बोटांना चिकटपट्ट्या लावून. सोपा म्हणून काढलेल्या प्रत्येक खेळाचं हे असंच होत असावं. कुणीतरी दमलेल्यांसाठी, नवख्यांसाठी काढतो, आणि चार जण सराव करून तो पुन्हा अवघड करून ठेवतात. मॉर्गनच्या व्यापाऱ्यांचा खेळ १९६४ ला टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये पोचला. त्या व्यापाऱ्यांना आज त्या मैदानावर उभं केलं तर ते पुन्हा मॉर्गनकडे जाऊन म्हणतील, साहेब, काहीतरी सोपं काढा.

इस्राएलमध्ये २००५ पासून आयांची एक लीग चालते, मामानेट नावाची. खेळ हाच, झेला आणि फेका. त्यांच्याकडे त्याला काचीबोल म्हणतात. पोरं ज्या शाळेत, त्या शाळेतल्या आयांचा संघ. वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. आमच्या शाळेने हे त्याच्या कितीतरी आधी केलं होतं. फक्त एकदाच केलं.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास पालक मेळावा होता, शनिवारचा. शनिवार घोटीच्या बाजाराचा दिवस, त्यामुळे आजूबाजूच्या गावांतल्या आया बाजारालाही आल्या होत्या आणि मेळाव्यालाही. भाषणं लांबली. लहान पोरं रडायला लागली. सरांना वाटलं, थोडी गंमत करू, आणि त्यांनी जाहीर केलं की आता महिला पालक विरुद्ध शाळेचा थ्रोबॉल संघ असा मैत्रीपूर्ण सामना होईल. आया आधी पदर तोंडाला लावून हसल्या. मग एकीने हातातली पिशवी दुसरीकडे दिली, पदर कमरेला खोचला आणि चपला कडेला काढून ठेवल्या. मग सहा जणी आणखी उठल्या.

त्यांना नियम समजावायला सरांनी पाच मिनिटं घेतली. ती वाया गेली. या बायका जुलैभर गुडघाभर चिखलात उभ्या राहून आवणी करणाऱ्या. एक जण रोपं खणते, जुड्या बांधते आणि बांधावरून लावणाऱ्यांकडे भिरकावते, एका हाताने, खांद्यावरून, आणि ती जुडी लावणारीच्या बरोबर पुढ्यात पडते. लावणारी मान वर न करता ती उचलते. हे दिवसाकाठी किती वेळा होतं ते मोजायला तिथे कुणी सर नसतात. तर चेंडू आला. पहिल्या बाईने तो झेलला आणि तो परत गेलाही. सरांच्या तोंडून "एक" अर्धाच निघाला होता. पुन्हा आला, पुन्हा गेला. कोपऱ्यात गेला, मुलींच्या मागे गेला, मधल्या दोघींच्या मधोमध गेला, जिथे दोघींना वाटतं दुसरी घेईल. सर मोजायला तोंड उघडायचे आणि चेंडू पलीकडे असायचा. शेवटी एक बाई चेंडू हातात ठेवून, जरा थांबून, त्यांना म्हणाली, "सर, तुम्ही काय मोजून ऱ्हायलेत मघापासून?"

सामन्यात तीन सेकंदांचा एकमेव फाऊल झाला तो तेव्हा. सरांनी तो दिला नाही.

शाळेचा संघ, तालुक्याला जाऊन आलेला, सरळ दोन गेममध्ये हरला. आयांनी चपला घातल्या, पिशव्या घेतल्या आणि बाजार उठायच्या आत भाजी मिळते का बघायला निघून गेल्या. मुख्याध्यापकांनी आभार मानताना खेळात हारजीत महत्त्वाची नसते असं सांगितलं, आणि पुढच्या वर्षीपासून महिला पालकांसाठी संगीत खुर्ची ठेवण्यात आली.